भाऊजींचा भाता आणि माझं स्तोत्र

आमच्या भाऊजींनी उभ्या जन्मात एकही अख्खा माणूस काढला नाही. काढला म्हणजे फोटोत काढला. माळव्यातल्या आमच्या धार गावात ज्याला म्हणून फेटा बांधून, खुर्चीत बसून, हातात छडी धरून आपली छबी काढून घ्यायची हौस होती तो कधी ना कधी आमच्या ओसरीवर येऊन गेला, आणि जाताना कुणी आपला अर्धा कान घेऊन गेला, कुणी मिशीचं एक टोक. एक हवालदार पट्टा, तलवार, बिल्ला असं सगळं अंगावर चढवून आला होता. त्याच्या हाती भाऊजींनी पट्ट्याच्या बकलाचा फोटो ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "भिया, इसमें मैं कां हूँ?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तू इसके पीछे है."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी देवासची, लग्न होऊन धारेला आले. सासरी सगळे दरबारच्या दफ्तरातले. मामंजी दफ्तरात, त्यांचे वडील दफ्तरात, हे दफ्तरात. भाऊजीही तिथेच उमेदवारी करत होते, पण रस्त्याच्या कामावरचा एक गोरा इंजिनिअर बदली होऊन गेला आणि जाताना त्यानं टाकलेल्या जड सामानात भाऊजींना एक कॅमेरा सापडला. त्या दिवशी दफ्तर सुटलं ते सुटलंच. मामंजी म्हणत, "पोरगं वाया गेलं असतं तर एक वेळ समजूत घातली असती. हे तर पेटीत शिरलं."

त्या पेटीला चामड्याचा घडीघडीचा भाता होता. दुसरा कुणी असता तर त्यानं तो चार बोटं ओढून समोर माणसं उभी केली असती. भाऊजी तो ओढता येईल तेवढा ओढत आणि भिंग वस्तूच्या इतकं जवळ नेत की वस्तूनं दचकावं. "लांबून सगळेच बघतात," ते म्हणत. "लांबून बघायला फोटो कशाला, डोळे दिलेत ना देवानं?" काळ्या फडक्याखालून त्यांचा एकच शब्द ऐकू यायचा, "अजून." अजून म्हणजे अजून जवळ. आमच्या दूधवाल्याची म्हैस त्यांनी काढायची ठरवली तेव्हा तो बिचारा तिला घासूनपुसून, शिंगांना गेरू लावून घेऊन आला. भाऊजी तिच्या नाकापाशी जाऊन बसले. तो म्हणाला, "भिया, भैंस तो इत्ती बड़ी है, नाक को कई करोगा?" भाऊजी म्हणाले, "बड़ी है म्हणून तर. एवढी अख्खी म्हैस कोण बघत बसणार?"

या जवळून काढण्याचे काही नियम होते आणि ते घरातल्या सगळ्यांना पाळावे लागत. पहिला नियम, भिंगाला हात लावायचा नाही. वस्तू पाटावर ठेवायची आणि पाट सरकवायचा, तोही केसभर. त्यामुळे घरातले पाट कायम कामात असत. जेवायच्या वेळी पाहुणा उभा आणि पाटावर भुंगा बसलेला, असं आमच्याकडे पुष्कळदा व्हायचं. दुसरा नियम, वारा नको. त्यासाठी मामंजींची धोतरं दोरीवर टांगून आडोसा करायचा. शिवाय पांढऱ्या धोतरावरून परतलेला उजेड वस्तूच्या अंधाऱ्या बाजूला पडतो, म्हणून एक धोतर कुणीतरी हातात ताणून धरायचं. मामंजी आंघोळ करून पंचा नेसून ओलेत्यानं बाहेर यायचे, तो त्यांचं धोतर एका मुंगळ्याच्या सेवेत.

तिसरी गोष्ट नियम नव्हती, दुखणं होतं. इतक्या जवळून एका वेळी थोडंच साफ दिसतं. नाक साफ आलं तर कान धुरात, कान साफ करावा तर नाक गेलं. त्यावर उपाय एकच, भिंगाचं भोक बारीक करायचं. पण भोक बारीक केलं की उजेड कमी शिरतो, आणि भाता लांब ओढल्यानं तो आधीच कमी झालेला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मग झाकण काढून बराच वेळ थांबायचं. किती वेळ, तेच अडायचं, कारण घरात चालतं घड्याळ नव्हतं आणि मनात आकडे मोजताना भाऊजी हमखास वस्तूकडे बघत राहत आणि आकडा विसरत.

इथे माझा प्रवेश झाला. मी नवी सून. मामंजींसमोर तोंड उघडायचं नाही, ह्यांच्याशी दिवसा बोलायचं नाही, सासूबाईंशी बोलायचं ते विचारल्यावर. माहेरी आजोबांनी शिकवलेलं देवीचं एक स्तोत्र तेवढं मी स्वयंपाक करताना पुटपुटत असे. एके दिवशी भाऊजी चुलीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज हे एकाच चालीत म्हणता. भात शिजला तरी घाई नाही, दूध उतू गेलं तरी घाई नाही."

मला वाटलं, टोमणा आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं, भुंग्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "म्हणा." मी म्हटलं. त्यांनी झाकण काढलं, पुरेसे श्लोक झाल्यावर लावलं. फोटो असा काही आला की भुंग्याच्या पायावरचे केस दिसले. तेव्हापासून आमच्या घरात वेळ श्लोकात मोजली जाऊ लागली. मुंगीला दोन श्लोक, जिलबीच्या वेटोळ्याला तीन, झेंडूच्या गाभ्याला अख्खं स्तोत्र.

मामंजी आतून ऐकत. सून एवढ्या मोठ्यानं, एवढ्या स्वच्छ वाणीनं देवीचं स्तोत्र म्हणते आहे, तिला गप्प कोण करणार? ते शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत, "आमच्या सूनबाईंची भक्ती फार." ती भक्ती एका झुरळासाठी चालली आहे हे त्यांना पुष्कळ दिवस कुणी सांगितलं नाही. पण खरं सांगते, त्या घरात माझा आवाज मला परत मिळाला तो ओसरीवर. स्तोत्र संपलं की भाऊजी विचारत, "कसं वाटलं वहिनी, उजेड पुरला का?" आणि मी सगळ्यांदेखत उत्तर देत असे.

या घड्याळात एक खोट होती. स्तोत्र सुरू झालं की समोरचा माणूस हात जोडायचा. आमची माणसंच तशी, देवाचं नाव कानावर पडलं की हात आपोआप वर जातात. कुणाचं बोट काढायला घ्यावं तर ते बोट पहिल्या श्लोकालाच छातीशी. भाऊजी वैतागून म्हणत, "अहो, श्लोक संपेस्तोवर नास्तिक राहा, मग काय लोटांगण घालायचं ते घाला." सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, पण गावात मात्र हे वाक्य फार गाजलं.

एवढं सगळं होऊनही त्यातून पोट भरेना. आपल्या मिशीच्या टोकाला कोण किंमत देणार? शेवटी ह्यांनी एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "कुक्षीच्या तहसिलीत कारकुनाची जागा आहे. तुझ्यासाठी मी शब्द टाकला आहे. दसऱ्यापर्यंत या पेटीतून काही निघालं तर ठीक, नाहीतर पेटी विकायची आणि कुक्षीला जायचं."  भाऊजींनी ताटातल्या भाताच्या एका शिताकडे बराच वेळ पाहिलं.  ती पेटी गेली असती तर भाऊजी गेले असते, आणि त्यांच्यामागोमाग माझं बोलणंही गेलं असतं.

दसरा जवळ येत होता तेव्हा आक्कासाहेबांकडून बोलावणं आलं. आक्कासाहेब म्हणजे आमच्या आळीतल्या एका जुन्या सरदार घराण्यातल्या विधवा बाई. त्यांच्या दोन मुलांच्या वाटण्या झाल्या होत्या. जमीन वाटली, भांडी वाटली, म्हशी वाटल्या, आणि गाडं अडलं ते देवघरातल्या टाकापाशी. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा. पणजोबांनी तो दक्षिणेतून येताना छातीशी बांधून आणला होता. थोरल्यांचं म्हणणं, देव थोरल्याकडे राहतो. धाकटे देवासला बिऱ्हाड करायला निघाले होते, त्यांचं म्हणणं, मी देवाशिवाय जाणार नाही. दुसरा टाक घडवून घे म्हणावं तर, "पणजोबांच्या छातीशी होता तो हा. सोनारानं काल ठोकलेला मला नको." दोघे भाऊ एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. आक्कासाहेबांनी अन्न सोडलं नव्हतं एवढंच.

तोडगा गावच्या शास्त्रीबुवांनी काढला. ते म्हणाले, देव तसबिरीतही पुजतात, पण ही तसबीर मूळ टाकाच्या मापाची हवी, तसूभरही कमीजास्त नको. हे ऐकताच गावाला भाऊजींची आठवण झाली. भाऊजी म्हणाले, "भाता दुप्पट ओढला की वस्तू जेवढ्यास तेवढी उतरते. हे तर माझं रोजचं काम." घरी आल्यावर मला म्हणाले, "वहिनी, हे जमलं नाही तर कुक्षी. तुमचं स्तोत्र नीट धुऊन-पुसून ठेवा."

सासूबाईंबरोबर मी आक्कासाहेबांकडे गेले. माडीवर खिडकीपाशी पाट मांडला, त्यावर तांदळाची रास, राशीला टेकवून टाक उभा केला. एका बाजूला थोरले, एका बाजूला धाकटे, मध्ये आक्कासाहेब. मी पहिला श्लोक म्हटला मात्र, दोघे भाऊ एकदमच साष्टांग नमस्काराला पडले. माडीची जमीन लाकडी, ती पेटीसकट हादरली. घासून उजळलेल्या चांदीवर खिडकीचा उजेडही असा चमकला होता की फोटोत देव नाहीच, नुसता पांढरा लोळ, तोही थरथरलेला. आक्कासाहेबांनी तो कपाळाला लावला. म्हणाल्या, "काय हे तेज! आजवर कुणाला दिसलं नव्हतं." पण थोरले म्हणाले, "आक्का, तेज ठीक आहे. देव कुठे आहे?"

चांदीची चकाकी मारायची तर तिच्यावर काहीतरी पुटासारखं चढवायला हवं होतं. भाऊजी कुठल्याशा मेणाचं नाव काढायला लागले तेव्हा शास्त्रीबुवांनी नुसतं पाहिलं. मग भाऊजींना युक्ती सुचली. खंडोबाला भंडारा वाहतातच, हळद लावली की चकाकी गेली आणि धर्मही राहिला. दुसऱ्या दिवशी देव हळदीनं माखला आणि पुन्हा फोटो झाला. या खेपेला कुणी पडलं नाही, सगळे भिंतीला धरून उभे होते. पण त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटला पिवळा रंग काळाच दिसायचा, हे भाऊजी आनंदाच्या भरात विसरले. फोटो धुवायच्या लाल कंदिलाच्या खोलीतून जो देव बाहेर आला तो कोळशासारखा काळा, त्यात दोन डोळे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. थोरल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "हा तर शनिमहाराज." झालं. धाकटे म्हणाले, माझ्यामागे साडेसाती लावायचा दादाचा डाव आहे. थोरले म्हणाले, फोटो मी काढला का? न बोलणारे भाऊ बोलायला लागले, ते असे.

घरी येऊन ह्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "दसरा झाला की निघायचं." भाऊजी ओसरीवर भाता दुमडत बसले होते. मी देवाची भांडी घासायला घेतली होती. नैवेद्याच्या दुधाची चांदीची वाटी सकाळपासून तशीच राहिली होती आणि दूध वाळून आतून कशी पांढरट, निस्तेज दिसत होती. मी ती उचलून भाऊजींपुढे धरली. म्हटलं, "भाऊजी, देवाला दुधाचा अभिषेक करतात ना? दूध घालायचं, आणि पाणी घालायचं नाही. वाळू द्यायचं." त्यांनी वाटी हातात घेतली, सवयीनं डोळ्याला लावली आणि दुमडलेला भाता पुन्हा ओढला.

शास्त्रीबुवांना हरकत घ्यायला जागा नव्हती. अभिषेक अर्धवट राहिला असं म्हणता आलं असतं, पण भाऊजी म्हणाले, "अर्धवट नाही बुवा, चालू आहे." दूध वाळून टाकावर दुधी पापुद्रा आला. भाऊजींनी खिडकीवर मामंजींचं धोतर टांगलं, म्हणजे उजेड गाळून आला, आणि एका बाजूनं तो तिरपा सोडला, म्हणजे घोड्याचा पाय न पाय उठून दिसला. पाट केसभर पुढे, केसभर मागे. मग त्यांनी सगळ्यांकडे वळून सांगितलं, "आता अख्खं स्तोत्र आहे. नास्तिक."

आक्कासाहेबांना पोरांचा भरवसा नव्हता. त्यांनी थोरल्यांचा हात एका हातात धरला, धाकट्यांचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही आपल्या मांडीवर दाबून ठेवले, नमस्कार होऊ नये म्हणून. मी म्हणायला लागले. चाल सोडली नाही. कडेच्या डोळ्यानं मी पाहत होते. दोन्ही भाऊ लहान मुलांसारखे आईला बिलगून बसले होते, कुणी हलत नव्हतं. स्तोत्र संपलं, झाकण लागलं, तरी आक्कासाहेबांनी हात सोडले नाहीत आणि त्यांनीही काढून घेतले नाहीत. फोटो धुण्याआधीच काम झालं होतं असं मला वाटतं. पण फोटोही झाला. देव जेवढ्यास तेवढा, घोड्याच्या आयाळीसकट. ह्यांनी तो पाहिला, घसा साफ केला आणि कुक्षीचा विषय पुन्हा काढला नाही.

खरी मौज पुढच्या वर्षी झाली. धाकटे देवासहून आले ते तोंड वाळवून. कापडातून त्यांनी एक चिवडलेला कागद काढला. रोज पूजा म्हणजे रोज अभिषेक, दूध, दही, मध, वर कोमट पाणी. वर्षभरात खंडोबा धुऊन गेला होता, घोड्याचं शेपूट तेवढं राहिलं होतं. आम्हांला वाटलं, आता शिव्या बसणार. पण ते म्हणाले, "देव जुना झाला. नवा द्या." प्लेट होतीच. मग ती रीतच पडली. दर दसऱ्याला नवा देव. आणि धार काय, देवास काय, वाटण्या कुठे झाल्या नव्हत्या? टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम, एकेक घेऊन लोक येऊ लागले, आणि दर वर्षी धुऊन निघालेले देव बदलून नेऊ लागले. भाऊजी म्हणत, "माळव्यात भाऊबंदकी आहे आणि लोक सोवळ्याचे आहेत, तोवर माझ्या भात्याला मरण नाही."

लग्न त्यांनी केलं नाही. सासूबाईंनी एक मुलगी दाखवली, तर भाऊजी घरी येऊन तिच्या कानातल्या कुडीच्या मोत्यांबद्दल तासभर बोलले. मुलगी कशी आहे विचारलं तर म्हणाले, "तेवढं लांबून पाहिलं नाही."

मामंजी आणि सासूबाई गेल्यावर ह्यांना देवासला चांगली जागा मिळाली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. भाऊजी धार सोडणार नव्हते. आमचाही टाक होता. रीतीप्रमाणे तो आमच्याबरोबर येणार होता. मी म्हटलं, "भाऊजी, साऱ्या मुलखाच्या देवांचे फोटो काढलेत, आपल्या देवाचा नाही काढलात. काढून ठेवा, तुम्हांला पूजेला." ते पाट पुसत होते. म्हणाले, "वहिनी, फोटो वाटणी झालेल्यांना लागतो. आपली कुठे वाटणी झाली आहे?"  हे पाठ फिरवून उगाच दोरखंड आवळत बसले.

निघायच्या सकाळी मला एकदम सुचलं की भाऊजींचा स्वतःचा फोटो कुणीच काढलेला नाही. मी हट्ट धरला. ते नको नको म्हणत पाटावर बसले. मी फडक्याखाली शिरले. पेटीच्या मागच्या दुधी काचेवर ते उलटे दिसत होते, डोकं खाली. बाहेरून आवाज आला, "अजून." मी तिवई पुढे घेतली. "अजून, वहिनी. एवढ्या लांबून मी कळणार नाही." शेवटी काचेवर डोळे, नाक, दाढी न केलेली हनुवटी, एवढंच उरलं. मी बाहेर आले, झाकण काढलं आणि स्तोत्र सुरू केलं. अर्ध्यापर्यंत ते नास्तिक राहिले, पापणीसुद्धा हलली नाही. मग त्यांचे हात सावकाश वर आले आणि हनुवटीपाशी जोडले गेले. इतरांना आयुष्यभर ओरडलेला माणूस. मी थांबले नाही, चालही सोडली नाही, शेवटचा श्लोक म्हणून झाकण लावलं. गाडी जुंपलेली होती.

तो फोटो त्यांनी स्वतः धुतला आणि देवासला येणाऱ्या आक्कासाहेबांच्या धाकट्यांबरोबर पाठवला. निरोप दिला होता, "वहिनींना सांगा, घड्याळ अगदी बरोबर होतं. बसणाराच कच्चा निघाला."

पुढच्या पावसाळ्यात भाऊजी धरमपुरीला नर्मदेकाठी कसलेसे किडे काढायला गेले होते, तिथेच ताप भरला आणि दोन दिवसांत गेले. आम्हांला कळलं तेव्हा सगळं झालं होतं. माझ्याकडे त्यांचा तेवढाच एक फोटो आहे. तो मी देवघरात ठेवलेला नाही, पाण्यापासून लांब भिंतीवर लावला आहे आणि कोरड्या फडक्यानं पुसते. चेहरा इतका साफ आहे की हनुवटीचा खुंट न खुंट मोजावा. खाली मात्र दोन पांढुरके धुराचे लोट आहेत. नातवंडं विचारतात, आजी, या आजोबांचे हात असे का? मी त्यांना जवळ घेऊन सांगते, तेव्हा स्तोत्र चालू होतं.